बसवलेली यंत्रणा आणि बदललेलं काम : संस्थाप्रमुखांना खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष, संचालक, विश्वस्त आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या संस्थेत या घडीला काही ना काही 'डिजिटल' चालू आहे. कुठे जुनी लेखाप्रणाली जाऊन नवी ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र जोडणारी संगणक प्रणाली, येते आहे, कुठे अर्ज पोर्टलवर गेले आहेत, कुठे वर्षानुवर्षांच्या फायली स्कॅन होत आहेत. दर तिमाहीला तुमच्यासमोर सादरीकरण होतं. प्रणालीची किती मॉड्यूल (स्वतंत्र भाग) लाइव्ह झाली, किती कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं, किती टक्के बजेट खर्ची पडलं, असे आकडे त्यात असतात आणि बहुतेक चौकटी हिरव्या असतात. तुम्ही दोन-तीन प्रश्न विचारता, उत्तरं मिळतात, विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय सुरू होतो.

त्या सादरीकरणातल्या जवळजवळ कोणत्याही आकड्यावरून तुमच्या संस्थेत परिवर्तन झालं की नाही हे कळत नाही, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे. ते आकडे यंत्रणा बसवल्याचे असतात. माणसांचं काम बदललं का, ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचं काम लवकर आणि बिनचूक व्हायला लागलं का, याचा त्यात पत्ता नसतो. आणि तो आकडा मागणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही. व्हेंडरचं, म्हणजे प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचं, शेवटचं बिल यंत्रणा सुरू झाली की निघतं, सल्लागाराचा अहवाल तिथे संपतो, प्रकल्पप्रमुखाची बढती त्या तारखेवर ठरते. त्यानंतरची सगळी वर्षं संस्थेच्या वाट्याला येतात, म्हणजे तुमच्या.

अशा प्रकल्पांचं मूल्यमापन करणं हे माझं काम आहे. एखाद्या संस्थेत गेल्यावर मी पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न साधा असतो : नवी प्रणाली येण्याआधी एक अर्ज आत आल्यापासून निर्णय हातात पडेपर्यंत किती दिवस लागत होते? किती टेबलांवरून तो फिरत होता? शंभरातले किती अर्ज त्रुटी काढून परत जात होते? याचं उत्तर बहुतेक ठिकाणी नसतं. 'पूर्वी फार वेळ लागायचा' असं सांगितलं जातं. फार म्हणजे किती, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. मग नवी प्रणाली आल्यावर काम लवकर होतं की उशिरा, हे ज्याच्या-त्याच्या आठवणीवर ठरतं, आणि वरिष्ठांची आठवण नेहमी जास्त वजनदार असते.

ही आधीची नोंद करायला फार काही लागत नाही. आवक-जावक रजिस्टर, तारखांचे शिक्के, आणि काही आठवडे टेबलाशेजारी बसून पाहणारा एखादा चौकस माणूस पुरतो. पण ती प्रकल्प सुरू होण्याआधीच करता येते. जुनी पद्धत मोडली की ती संधी कायमची गेली. म्हणून माझी पहिली विनंती : ज्या प्रकल्पाच्या प्रस्तावात आजच्या कामाचं मोजमाप जोडलेलं नाही, त्याला मंजुरी देऊ नका. टेंडर निघायला महिनाभर उशीर झाला तर होऊ द्या.

मोजायला बसलं की एक गोष्ट जवळपास हमखास दिसते. समजा, एखाद्या प्रकरणाला वीस दिवस लागतात. त्यावर प्रत्यक्ष हात चालतो तो दोन-तीन तास. उरलेला सगळा वेळ ते प्रकरण कोणाच्या तरी टेबलावर, आणि आता कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये, वाट पाहत पडून असतं. सहीसाठी, दुसऱ्या विभागाच्या शेऱ्यासाठी, आधी एकदा दिलेला दाखला पुन्हा मागवला म्हणून. संगणकीकरणाने टायपिंगची वीस मिनिटं पाच मिनिटांवर येतात आणि त्याचा गाजावाजा होतो, वाट पाहण्याचे दिवस मात्र तसेच राहतात. सात सह्यांची फाइल सात क्लिकांची झाली, इतकंच. त्या सातपैकी चार सह्या कशासाठी आहेत हा प्रश्न विचारायला सॉफ्टवेअर लागत नाही, अधिकार लागतो. तो तुमच्याकडे आहे, तुमच्या आयटी प्रमुखाकडे नाही. डेन्मार्कने २०१८ पासून नव्या कायद्यांचे मसुदे आधी या कसोटीवर तपासायला सुरुवात केली : नियम सोपा आणि स्पष्ट आहे का, संगणकाला तो राबवता येईल का. आधी नियम सोपा करायचा, मग तो यंत्रावर चढवायचा. आपल्याकडे याच्या उलट चालतं. गुंतागुंतीचा नियम जसाच्या तसा कोडमध्ये उतरतो आणि मग तो बदलायला दरवेळी व्हेंडरकडे 'चेंज रिक्वेस्ट', म्हणजे बदलाची मागणी, पाठवावी लागते.

हे आजचं नाही. १८८० च्या दशकात वीज आली, पण कारखान्यांच्या उत्पादकतेत तिचा मोठा परिणाम दिसायला १९२० चं दशक उजाडलं. अर्थशास्त्राच्या इतिहासकारांनी याचा बारकाईने अभ्यास केला आहे. सुरुवातीला मालकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी विजेची मोठी मोटर बसवली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं : सगळी यंत्रं एकत्र फिरवणारा तोच छताखालचा लांबलचक दांडा, तेच पट्टे, तीच यंत्रांची दाटी. खरा फायदा झाला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाल्यावर आणि कामाच्या ओघानुसार कारखान्याची मांडणीच नव्याने केल्यावर. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये म्हटलं होतं की संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. आजही अनेक संस्थांमध्ये मला तोच छताखालचा दांडा दिसतो. मोटर तेवढी नवी असते.

आता 'डिजिटल मॅच्युरिटी'बद्दल, म्हणजे संस्था डिजिटल कामात किती तयार झाली याच्या मोजमापाबद्दल. पाच पायऱ्यांची ती शिडी तुम्ही पाहिली असेल आणि तुमची संस्था दुसरीवरून तिसरीवर आल्याबद्दल कदाचित टाळ्याही वाजल्या असतील. या शिड्यांचं मूळ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं आहे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांची क्षमता जोखण्याची गरज अमेरिकेच्या संरक्षण खात्याला होती, आणि त्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने ती पद्धत घडवली. गिऱ्हाइकाने पुरवठादाराला पारखायचं साधन होतं ते. आज तीच पायऱ्यांची कल्पना संस्था स्वतःवर वापरते, आणि प्रश्नावली भरतो तो विभाग ज्याचं पुढच्या वर्षीचं बजेट उत्तरांवर अवलंबून असतं. 'आमच्याकडे डेटा धोरण आहे का?' आहे. ते शेवटचं कोणी कधी उघडलं, हे विचारायला रकाना नसतो. अशी प्रश्नावली चर्चेला तोंड फोडण्यापुरती ठीक आहे. तिच्या गुणांवर कोणाचं मूल्यमापन ठरवू नका. एकदा गुण हेच उद्दिष्ट झालं की माणसं गुण मिळवतात आणि काम जिथल्या तिथे राहतं.

मग मोजायचं काय? ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने आपल्या सेवांसाठी चार मापं सक्तीची केली होती : एका व्यवहाराला येणारा खर्च, वापरणाऱ्याचं समाधान, सुरू केलेला व्यवहार पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, आणि डिजिटल मार्ग निवडणाऱ्यांचं प्रमाण. यातलं तिसरं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पोर्टलवर किती जणांनी लॉगिन केलं हे सगळे सांगतात. किती जण अर्ध्यावर सोडून गेले आणि कोणत्या पानावर, हे विचारा. चौथं माप मात्र सांभाळून वापरा. कागदी अर्ज घेणारी खिडकी बंद केली की डिजिटल मार्ग निवडणारे शंभर टक्के होतातच.

या चारांत मी माझी दोन घालतो. पहिलं, 'माझ्या अर्जाचं काय झालं?' असं विचारायला किती फोन, किती ईमेल आणि किती हेलपाटे होतात. हेल्पडेस्कने किती कॉल घेतले हे कामगिरी म्हणून दाखवलं जातं, पण त्यातले बहुतेक कॉल काम न झाल्यामुळे आलेले असतात. ते कमी झाले तर परिवर्तन झालं. दुसरं माप म्हणजे खाजगी एक्सेल. नव्या प्रणालीच्या शेजारी कर्मचारी स्वतःची एक्सेल शीट ठेवतात का, हे पाहा. जवळपास सगळीकडे ठेवतात. कधी प्रणालीतला अहवाल चुकीचा येतो म्हणून, कधी अपवादाच्या प्रकरणाला तिथे जागाच नाही म्हणून, कधी साहेबांना हवा तसा तक्ता निघत नाही म्हणून. अशा शीट सापडल्या की पहिली प्रतिक्रिया असते त्या बंद करण्याची, परिपत्रक काढण्याची. कृपया असं करू नका. त्या शीट म्हणजे तुमच्या प्रणालीत काय कमी आहे याची सर्वांत प्रामाणिक यादी आहे, आणि ती फुकट मिळते आहे. त्या गोळा करा, प्रत्येकीचं कारण विचारा, आणि सहा महिन्यांनी त्यातल्या किती आपणहून मागे पडल्या ते मोजा. त्यांवर बंदी घातलीत तर त्या पेन ड्राइव्हवर जातील आणि तुम्हाला दिसणंही बंद होईल.

इथपर्यंत मूल्यमापनाचं झालं. व्यवस्थापनाचं बोलताना मला कॅनडाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथल्या संघराज्य सरकारने आपल्या सुमारे तीन लाख कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी 'फीनिक्स' नावाची प्रणाली २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू केली. दरवर्षी ७ कोटी डॉलर वाचतील, असा हिशेब होता. तो हिशेब खरा करण्यासाठी वेगवेगळ्या खात्यांतले पगाराचे जाणकार कर्मचारी आधीच कमी केले आणि काम एका केंद्रात आणलं. बजेट पुरेना तेव्हा काही कार्यं वगळली. त्यात मागील तारखेपासूनचा फरक काढण्याचं कामही होतं. पगाराशी ज्यांचा थोडाही संबंध आला आहे त्यांना कळेल की पगारातला अर्धा गुंता तिथेच असतो. एका खात्यात आधी चालवून पाहायचं ठरलं होतं, तेही रद्द केलं. पुढे हजारो लोकांना पगार कमी आला, काहींना आलाच नाही, काहींना जास्त आला आणि तो परत करण्याचा ससेमिरा लागला. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात या प्रकाराला प्रकल्प-व्यवस्थापनाचं आणि देखरेखीचं अनाकलनीय अपयश म्हटलं. त्या अहवालातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग असा, की प्रणाली तयार नाही याची लक्षणं प्रकल्प चालवणाऱ्यांना दिसत होती, पण ती वर निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचली नाहीत.

यातून मी तुमच्याकडे दोन मागण्या करतो. बचत आधी हिशेबात धरून माणसं आधी कमी करू नका. जुनं काम ज्यांना कळतं त्यांची गरज नवी प्रणाली आल्यावर पहिलं वर्षभर सर्वांत जास्त असते, कारण उत्तर चुकलं आहे हे त्यांनाच ओळखता येतं. आणि प्रकल्पाच्या खर्चातला चांगला घसघशीत वाटा यंत्रणा सुरू झाल्यानंतरच्या काळासाठी राखून ठेवा. 'गो-लाइव्ह' झालं की गंगेत घोडं न्हालं असं मानून सगळे पांगतात. खरं काम त्या दिवशी सुरू होतं.

तारखेचा मोह ही आणखी एक गोष्ट. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये आपले सुमारे ५२ लाख ग्राहक एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर हलवले. त्यानंतर लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत दिसलं की आधी शेवटची तारीख ठरली आणि मग काम त्या तारखेत बसवलं गेलं. दोन डेटा सेंटरपैकी एकावरच पुरेशी चाचणी झाली होती. संचालक मंडळाने विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले नाहीत, असंही त्या चौकशीने नोंदवलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. तुमच्या मंडळाच्या सभेत तारीख पुढे ढकलण्याचा प्रस्ताव आला तर त्यामागचं कारण आधी ऐकून घ्या. आणि तो कधीच येत नसेल तर जास्त काळजी करा.

आता ज्या प्रकरणाने माझी झोप उडवली त्याबद्दल. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये 'होरायझन' ही हिशेबाची प्रणाली आणली. ती फुजित्सूने पुरवली होती. शाखा चालवणाऱ्या सब-पोस्टमास्तरांच्या हिशेबात प्रणाली तूट दाखवू लागली. त्यांनी मदतवाहिनीला फोन केले, आपण एक पैसाही घेतला नाही असं सांगितलं. पोस्ट ऑफिसने प्रणाली खरी मानली आणि माणसं खोटी. करारानुसार तूट त्यांनाच भरावी लागली. घरं गेली, संसार मोडले, काहींनी आत्महत्या केल्या. ९०० हून अधिक जणांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे गुन्हे शाबित झाले आणि त्यातले बहुतेक खटले खुद्द पोस्ट ऑफिसने चालवले होते. शाखेच्या हिशेबात बाहेरून फेरफार करता येत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तो करता येत होता. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष आणि चुका असल्याचा निकाल दिला, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा एकदम रद्द केली आणि २०२४ मध्ये उरलेल्यांना सरसकट निर्दोष ठरवण्यासाठी संसदेला कायदा करावा लागला.

आमच्याकडे असं काही होणार नाही, असं तुम्ही म्हणाल. तुरुंगापर्यंत जाणारही नाही कदाचित. पण 'सिस्टिममध्ये असंच दिसतंय' हे वाक्य तुमच्या संस्थेच्या खिडकीवर रोज किती वेळा बोललं जातं? प्रणाली म्हणते हजेरी नाही, माणूस म्हणतो मी होतो. प्रणाली म्हणते रक्कम भरली नाही, त्याच्या हातात पावती आहे. अशा वेळी कोणाचं खरं मानायचं, आणि पुरावा कोणी आणायचा, हे तुमच्या संस्थेत लेखी ठरलेलं आहे का? खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला प्रणालीचं उत्तर बाजूला ठेवून प्रकरण वर पाठवायचा अधिकार आहे का? आणि एकसारख्या तक्रारी वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्या तर त्या एकत्र पाहणारं कोणी आहे का? होरायझनच्या प्रकरणात कित्येकांना 'अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे' असं सांगितलं गेलं होतं. प्रत्येक जण एकटा पडला म्हणून ते इतकी वर्षं चाललं.

याच्या समोर मला एस्टोनियाचं वागणं ठेवावंसं वाटतं. त्या देशाचा जवळपास सगळा सरकारी व्यवहार डिजिटल ओळखपत्रावर चालतो. २०१७ मध्ये त्या कार्डांच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष असल्याचं संशोधकांनी कळवलं. सुमारे साडेसात लाख कार्डांचा प्रश्न होता आणि स्थानिक निवडणुका तोंडावर होत्या. गप्प बसायला याहून चांगलं कारण मिळालं नसतं. तरी सरकारने काही दिवसांतच तो दोष जाहीर केला. पुढे प्रमाणपत्रं स्थगित केली आणि कार्डं अद्ययावत करण्याची सोय केली. डिजिटल कारभारावरचा तिथल्या लोकांचा विश्वास पोर्टलच्या देखणेपणाइतकाच अशा निर्णयांवरही उभा आहे, असं मला मनापासून वाटतं.

व्हेंडरशी होणाऱ्या कराराबद्दल थोडक्यात. तुमचा सगळा डेटा, त्याच्या रचनेच्या माहितीसह, मागाल तेव्हा आणि वाचता येईल अशा रूपात परत मिळेल हे कलम सही करण्याआधी स्वतः वाचा. आणि नव्या प्रणालीसोबत जुन्या किती प्रणाली बंद होणार, कोणत्या तारखेला, हेही लिहून घ्या. मी पाहतो त्या संस्थांत नवीन येतं पण जुनं जात नाही. मग एकच माहिती तीन ठिकाणी भरली जाते, तीनही ठिकाणी वेगळी असते, आणि देखभालीचा खर्च तिप्पट होतो.

प्रत्येक प्रकल्पाला एक धनी असावा आणि तो आयटी विभागातला नसावा. पगाराची प्रणाली असेल तर पगार विभागाचा प्रमुख, प्रवेशाची असेल तर प्रवेश विभागाचा. 'इतक्या दिवसांचं काम इतक्या दिवसांवर आणीन' हे त्याने स्वतःच्या नावाने लिहून द्यावं, आणि प्रणाली सुरू झाल्यावर एक वर्षाने तुम्ही त्याला पुन्हा बोलावून त्याच आकड्याबद्दल विचारावं. ते वर्ष संपेपर्यंत त्याची बदली करू नये. हे बहुतेक संस्थांना अवघड वाटतं, पण याच्याइतका परिणाम करणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

पुढच्या तिमाहीच्या सभेसाठी माझी एक विनंती आहे. सादरीकरणाआधी अर्धा तास राखून ठेवा. रोज त्या प्रणालीवर काम करणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना बोलवा, आणि ज्यांचं काम त्या प्रणालीतून होतं त्यांच्यापैकी एकाला. त्यांचे वरिष्ठ त्या वेळी खोलीत नसावेत. कर्मचाऱ्यांना एक खरं प्रकरण पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवायला सांगा आणि मध्ये बोलू नका. ते कुठे थांबतात, कुठे वही काढतात, कुठे दुसरी खिडकी उघडतात ते लिहून घ्या. मग हिरव्या चौकटींचं सादरीकरण सुरू होऊ द्या, आणि तुमचे प्रश्न त्या टिपणावरून विचारा.

आपला नम्र,
डिजिटल प्रकल्पांचा एक मूल्यमापक